पॅट्रोल लीडर फक्त नावाला, काय करावं?

प्रश्न : आमच्या स्काऊट ट्रूपमध्ये प्रत्येक पॅट्रोलला (म्हणजे मुलांच्या छोट्या गटाला) लीडर आहे, पण ठरवतो सगळं आम्ही मोठेच. मागच्या कॅम्पचं प्लॅनिंग मुलांवर सोडलं तर जेवायला खूप उशीर झाला, एक तंबू रात्री पडला, पालक चिडले. आता परत सगळं हातात घ्यावं का?

उत्तर : नाही हो, अजिबात घेऊ नका. १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राऊनसी बेटावर स्काऊटिंगचे संस्थापक बेडन पॉवेलनी पहिला कॅम्प घेतला तेव्हाच मुलांचे चार पॅट्रोल केले होते आणि प्रत्येकाला मुलांमधलाच एक लीडर दिला होता, म्हणजे ही स्काऊटिंगची मूळ पद्धत आहे, नंतर कोणी जोडलेली नाही.

मला वाटतं तुमचं गणित दुसरीकडे चुकलं. वर्षभर मुलांना काहीच ठरवू द्यायचं नाही आणि एकदम अख्खा कॅम्प द्यायचा, मग गोंधळ होणारच ना! आधी फक्त लीडर्सना घेऊन एका रात्रीचा कॅम्प करा, तिथे ते सगळे मिळून एक पॅट्रोल आणि तुम्ही त्यांचे पॅट्रोल लीडर. तंबू, स्वयंपाक, कामाची वाटणी सगळं त्यांच्यासोबत करा, कारण बऱ्याच लीडर्सना एवढंच माहीत असतं की एकतर ओरडायचं नाहीतर सगळं स्वतः करायचं, मधला रस्ता त्यांनी कधी बघितलेलाच नसतो.

मग कोर्ट ऑफ ऑनर, म्हणजे पॅट्रोल लीडर्सची मीटिंग, नियमित भरवा, चेअरमन मुलांमधलाच हवा, तुम्ही बाजूला बसा, विचारलं तरच बोला आणि मतदान करू नका. पाणी, आग, औषधं, परवानग्या यात शेवटचा शब्द तुमचा, पण हे मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगून टाका. मुलांनी ठरवलेलं तुम्ही एकदा जरी फक्त सोयीसाठी फिरवलं ना, की पुढच्या मीटिंगला मुलं बोलायच्या आधी तुमच्या तोंडाकडे बघतात, मग त्या मीटिंगला काही अर्थ उरत नाही.

तंबू पडला त्यात कोणाला लागलं नाही ना? मग त्या पॅट्रोललाच बसून ठरवू दे पुढच्या वेळी काय करायचं, आयतं उत्तर देऊ नका (हे फार जड जातं, मान्य आहे). आणि पालकांना कॅम्पच्या आधीच बोलवा, प्लॅन लीडर्सनाच सांगू दे, जेवायला उशीर होऊ शकतो हेही त्यांनीच सांगावं. सुरक्षेचे प्रश्न आले की तुम्ही बोला.