ऑपरेशन न करता थायरॉइडची साधी गाठ जाळता येते का?

तुम्ही खारघरहून विचारलंय की आईला (वय ५२) थायरॉइडच्या उजव्या बाजूला ३.५ सेंमीची गाठ आहे, एफएनएसी (सुईने पेशी काढून केलेली तपासणी) साधी, म्हणजे कर्करोग नसलेली, आली आहे, पण गिळताना अडकल्यासारखं वाटतं. ठाण्यातल्या सर्जननी उजवी बाजू काढायला सांगितली आहे, तर सुईने जाळून भागेल का?

बहुतेक भागेल. मात्र एका एफएनएसीवर शक्यतो जाऊ नका. सोनोग्राफीत बघून, वेगवेगळ्या वेळी केलेल्या दोन तपासण्यांत बेथेस्डा २ (एफएनएसी अहवालातली ‘साधी गाठ’ ही श्रेणी) यायला हवं. सोनोग्राफीत टायरॅड्स ५ (कर्करोगाचा सर्वात जास्त संशय दाखवणारी श्रेणी) लिहिलं असेल, तर एफएनएसी साधी असली तरी ऑपरेशनचा सल्ला मोडू नका. रक्तातलं टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं हार्मोन) कमी असेल तर गाठ स्वतःच हार्मोन बनवते का हे बघायला आधी टेक्निशियम स्कॅन करा. केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) चालू असेल तर रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ते बंद ठेवा, नाहीतर टीएसएचचा आकडा चुकीचा येतो.

गाठीत मुख्यतः पाणी असेल तर जाळण्याची गरज नसते. पाणी उपसून आत अल्कोहोल सोडलं की बहुतेकांचं काम होतं, आणि खर्चही कमी येतो.

गाठ भरीव असेल तर रेडिओफ्रीक्वेन्सी, म्हणजे विजेच्या लहरींच्या उष्णतेने सुईतून गाठ जाळणं. भूल फक्त मानेपुरती देतात. १८ गेजची, आतून पाण्याने थंड राहणारी सुई मधल्या भागातून, म्हणजे श्वासनलिकेच्या पुढून, गाठीत घालतात आणि खोलवरून वरच्या दिशेने थोडं थोडं जाळत येतात. रुग्ण जागा असतो, मधूनमधून त्याला बोलायला लावतात. कारण स्वरयंत्राची नस गाठीच्या मागेच, श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या खोबणीत असते. तिथे ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी) सोडून नस आणि गाठ यांत अंतर तयार करतात. आवाज बदलला तर लगेच थांबून नसेजवळ थंड डेक्स्ट्रोज सोडतात.

खरी कसोटी गाठीच्या कडेला लागते. नसेच्या भीतीने कड अर्धवट सोडली की तिथूनच गाठ पुन्हा वाढते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: थायरॉइडच्या अशा किती गाठी जाळल्या आहेत, डेक्स्ट्रोज वापरता का, वर्षभराने गाठी किती टक्के आटल्या? मशीन कुठल्या कंपनीचं आहे यापेक्षा ही उत्तरं जास्त महत्त्वाची आहेत.

आणि निकाल सेंटिमीटरमध्ये मोजू नका, खूप जण इथेच निराश होतात. लांबी × रुंदी × जाडी × ०.५२ केलं की मिलिलिटर मिळतात. ३.५ × २.५ × २ ची गाठ साधारण ९ मिली. ती निम्मी झाली तरी लांबी २.८ सेंमीच भरेल, पण गिळणं सुधारलेलं असेल. सहा महिने ते वर्षभरात ५० ते ८० टक्के घट अपेक्षित धरा. २० मिलीच्या वरच्या गाठीला अनेकदा दुसरी बैठक लागते.

गाठ छातीच्या हाडामागे उतरली असेल तर ऑपरेशनच बरं. पेसमेकर असेल तर आधी सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा. गाठ जाळली त्या दिवशी आईला घरी लोकलच्या गर्दीतून नेऊ नका.

नंतर काही आठवड्यांनी मान अचानक सुजून दुखली, तर जाळलेली गाठ फुटलेली असू शकते. लगेच सोनोग्राफी करा आणि जाळणाऱ्या डॉक्टरांनाच दाखवा. बहुतेक वेळा औषधांवर भागतं, चिरा द्यायची घाई नको. श्वास अडकत असेल तर मात्र थेट इमर्जन्सीत जा.