सुक्या मटणातला कांदा आणि घरचा कुत्रा

प्रश्न : रविवारी पाहुण्यांच्या गडबडीत आमच्या ८ किलो वजनाच्या कुत्र्याने सुक्या मटणाची वाटी हाडांसह फस्त केली. तो खेळतो आहे. उलटीसाठी मिठाचे पाणी पाजावे का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मिठाचे पाणी मुळीच पाजू नका. त्याने रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते, आणि उलटीबरोबर वर येणारे हाडाचे टोकदार तुकडे अन्ननलिका फाडू शकतात.

आपल्याकडे लक्ष हाडांकडे जाते, मात्र मटणात पडलेली कांदा-लसूण चटणी विसरली जाते. कांद्या-लसणातील गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने ते नाहीसे होत नाहीत, उलट वाळवलेल्या कांद्यात ते अधिक एकवटलेले असतात. वजनाच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कच्चा कांदा अपायकारक ठरू शकतो, म्हणजे आपल्या कुत्र्यासाठी मध्यम आकाराचे एक-दोन कांदेही पुरेसे आहेत. लक्षणे अनेकदा काही दिवसांनी दिसतात, म्हणून आज तो खेळतो आहे यावर कृपया विसंबू नका.

त्याच दिवशी पशुवैद्यकांना फोन करून त्याचे वजन, खाल्लेला पदार्थ, अंदाजे प्रमाण आणि वेळ सांगावी. उलटी करवायची की नाही, हे त्यांनाच ठरवू द्यावे. पुढचा आठवडाभर हिरड्या फिकट पडणे, लघवी तांबूस होणे, धाप लागणे, तसेच पोट फुगणे किंवा वारंवार उलट्या होणे यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असली तरी थांबू नये.