फ्लेक पाइप-तंबाखूबद्दल लोकांची मतं एकमेकांच्या इतकी विरुद्ध का असतात?

तुम्ही विचारलंय की एकाच फ्लेकबद्दल (म्हणजे दाबलेल्या तंबाखूच्या वडीच्या पातळ कापांबद्दल) एकाने ‘वाळलेलं गवत आणि मध’ असं लिहिलंय, दुसऱ्याची जीभ सोलून निघाली आणि तिसऱ्याला साबणाचा वास आला, तर खरं कोण बोलतंय? बहुतेक तिघंही. पहिला पानाबद्दल बोलतोय, दुसरा पाण्याबद्दल आणि तिसरा वरून लावलेल्या सुगंधाबद्दल.

पाण्यापासून सुरुवात करतो, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात. पानांचे थर रचून, ओलावा आणि उष्णता देऊन, जबरदस्त दाबाखाली वडी करतात. वडीचा ठोकळा तसाच विकला तर प्लग, पातळ काप केले तर फ्लेक, आणि चिमटीत धरताच भुगा होईल इतकी सैल असेल तर क्रंबल केक. दाबात अडकलेला ओलावा सुट्या कातरलेल्या तंबाखूसारखा पटकन उडून जात नाही. इंग्लंडमधल्या केंडल गावच्या सॅम्युअल गॅविथ कंपनीचा फुल व्हर्जिनिया फ्लेक घ्या. डबा उघडला की लांबलचक, गडद तपकिरी पट्ट्या दिसतात, बोटांना ओलसर आणि किंचित चिकट लागणाऱ्या. एखादा ती पट्टी तशीच दुमडून पाइपमध्ये कोंबतो. ती ओल्या सरपणासारखी धुमसते आणि विझते. मग परत काडी, परत विझणं, आणि आता विझू नये म्हणून धापा टाकल्यासारखे झुरके. तोंडात धुरापेक्षा वाफच जास्त जाते, पाइपच्या बुडाशी गुडगुड सुरू होते आणि अभिप्राय येतो: ‘चव शून्य, जीभ मात्र भाजली.’ दुसरा माणूस त्याच पट्ट्या कागदावर तासभर पसरून ठेवतो, तळहातावर मळून मोकळ्या करतो, खाली सैल आणि वर जरा दाबून भरतो, आणि निवांत ओढतो. मध त्याला सापडतो.

मध हा शब्द हवेतून आलेला नाही. व्हर्जिनिया हा तंबाखूचा एक प्रकार, त्याचं पान बंद कोठीत गरम हवेने वाळवतात, त्यामुळे त्यातली साखर बरीच टिकते. सावकाश ओढलं तर गोडवा, घाईने ओढलं तर चटका. बर्ली या दुसऱ्या प्रकाराचं पान सावलीत आठवडेच्या आठवडे वाळत राहतं आणि त्यात साखर जवळजवळ उरतच नाही. त्याची चव कोरडी, सुक्या मेव्याकडे झुकणारी. पेरीक हा आणखी वेगळा प्रकार: लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात पानं पिंपात दाबून सुमारे वर्षभर आंबवतात. मिश्रणात ते थोडंसंच असतं, पण मिरी आणि आंबूस फळांचा वास त्याचाच. एखाद्याने ‘मनुका’ लिहिलं आणि दुसऱ्याने ‘नाकात झणझणलं’ लिहिलं, तर दोघांना बहुधा पेरीकच भेटलंय.

डब्याचा वास आणि धुराची चव यांची गल्लत तर सर्रास होते. ताजा डबा उघडल्यावर व्हर्जिनिया फ्लेकला चक्क व्हिनेगरसारखा वास येऊ शकतो. ओढताना तो राहीलच असं नाही. म्हणून ‘उघडला आणि नाक मुरडलं’ एवढ्यावर संपलेला अभिप्राय मी सोडून देतो.

आता साबण. इंग्लंडच्या लेकलँड भागात, म्हणजे याच केंडलच्या परिसरात, तंबाखूला फुलांचे आणि टोंका बीचे (व्हॅनिलासारखा वास असलेल्या बीचे) सुगंध लावायची जुनी रीत आहे. ज्याला आवडतं तो जन्मभर तेच ओढतो, ज्याला नाही त्याला न्हाणीघर आठवतं. पण त्या तिसऱ्या माणसाने आधी त्याच पाइपमध्ये असली सुगंधी तंबाखू ओढली असेल, तर साध्या फ्लेकलाही साबणाचाच वास येणार. लाकूड वास धरून ठेवतं. धुरावर वाळवलेलं लाटाकिया नावाचं पान तर पाइपमध्ये असं मुरतं की पुढचे कित्येक दिवस सगळ्याला शेकोटीची चव लागते. अभिप्रायात पाइप कुठला, निव्वळ याच तंबाखूसाठी ठेवलेला की सरमिसळीचा, याचा उल्लेख असेल तर मी त्याला जास्त वजन देतो.

‘सौम्य’ आणि ‘कडक’ हे शब्द मात्र जवळपास निरुपयोगी समजा. पाइपचा धूर सहसा छातीत घेत नाहीत, पण बर्लीसारख्या पानाचा धूर अल्कलीकडे झुकतो आणि निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. रोज ओढणाऱ्याला जे सौम्य, ते उपाशीपोटी ओढणाऱ्या नवख्याला उचक्या लावतं, घाम फोडतं. आणि सौम्य म्हणजे बिनधोक नव्हे. धूर आत न घेताही पाइपमुळे तोंडाचा आणि घशाचा कर्करोग होतो, फुप्फुसाचाही होतो. तुम्ही ओढत नसाल तर माझं उत्तर वाचून सुरू करू नका, एवढं मनापासून सांगतो.

अभिप्राय केव्हाचा आहे तेही बघा. थ्री नन्स या पाइप-तंबाखूच्या मिश्रणात पूर्वी पेरीक असायचं. नंतरच्या मिश्रणात त्याच्या जागी आगीच्या धुरावर वाळवलेलं केंटकी पान आलं. जुनी आणि नवी मतं एकाच नावाखाली वाचली तर डोकं चक्रावणारच. शिवाय बंद डब्यात व्हर्जिनिया वर्षानुवर्षं मुरतं आणि मऊ होतं, म्हणजे जुना साठा उघडणाऱ्याचं आणि ताजा डबा उघडणाऱ्याचं पटणं अवघडच.

तुमच्या तिघांपुरतं बोलायचं तर मी दुसऱ्याला आधी एकच विचारेन: ओढण्याआधी पट्टी वाळवली होती का? ‘नाही’ म्हणाला तर त्याचं मत बाजूला ठेवा. ‘हो’ म्हणाला आणि तरीही जीभ पोळली असेल, तर तो फ्लेक तुमच्याही जिभेला झोंबण्याची शक्यता आहे, विशेषतः तुम्ही भरभर ओढणारे असाल तर.