आधी दार बघा, मग गाडी

वाचकांचे प्रश्न : प्रवासी वाहतूक
(उत्तरं देणारे या सदराचे लेखक 31 वर्षं बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये होते. त्यातली शेवटची 9 वर्षं नव्या गाड्यांची तपासणी त्यांच्याकडे होती.)

प्रश्न : आमच्या प्रादेशिक परिवहन सेवेला रेल्वे स्टेशन, वसाहती आणि रुग्णालय जोडणाऱ्या फेऱ्यांसाठी 14 शटल बस घ्यायच्या आहेत. समितीपुढे तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आहेत. इंजिन, सीट, वातानुकूलन यांची तुलना झाली. आणखी काय बघायचं राहिलं?

फेरी बघायची राहिली. माहितीपत्रकं चार दिवस कपाटात ठेवा. समितीतल्या दोघांनी घड्याळ आणि वही घेऊन सकाळच्या पहिल्या गाडीपासून रात्रीच्या शेवटच्या गाडीपर्यंत प्रवास करा. प्रत्येक थांब्यावर दोनच वेळा लिहायच्या: दार उघडलं कधी, बंद झालं कधी. शटलच्या फेरीत गाडी धावते थोडी आणि थांबते फार, त्यामुळे तुमचा हिशेब दारावर ठरतो.

आकड्यांनी सांगतो. समजा एका चकरेला 50 मिनिटं लागतात आणि तुम्हाला दर 10 मिनिटांनी गाडी सोडायची आहे. म्हणजे रस्त्यावर 5 गाड्या हव्यात. फेरीत 20 थांबे आहेत आणि नव्या गाडीच्या रुंद दारामुळे, कमी पायऱ्यांमुळे प्रत्येक थांब्यावर अर्धा मिनिट वाचला, तर चकरेतली 10 मिनिटं कमी झाली. तेवढ्याच वारंवारतेला आता 4 गाड्या पुरतात. पाचवी गाडी, तिचा चालक, तिचं इंधन, तिची देखभाल, सगळं दुसऱ्या मार्गाला मोकळं होतं. अर्धा मिनिट वाचेलच असं मी म्हणत नाही. तुमच्या थांब्यांवर किती वाचतो ते वहीतल्या नोंदींवरूनच कळेल. पण दोन दारांच्या महाग गाडीची आणि एका दाराच्या स्वस्त गाडीची तुलना करताना हा हिशेब मांडलाच नाही, तर स्वस्त गाडी कागदावर कायम जिंकत राहील.

मी स्वतः असाच एक दिवस रुग्णालयाच्या थांब्यावर उभा होतो. साठी ओलांडलेल्या एक बाई आल्या, गुडघ्याला पट्टा बांधलेला. त्यांनी आधी पिशवी वरच्या पायरीवर ठेवली. मग दोन्ही हातांनी दांडा धरला, चांगला पाय वर टाकला, थांबल्या, श्वास घेतला आणि दुखरा पाय ओढून घेतला. अशा तीन पायऱ्या. मागच्या माणसांनी काही घाई केली नाही, कुणीतरी पिशवी पुढे सरकवूनही दिली. माझ्या घड्याळात 40 सेकंद झाले होते. ती गाडी मीच तपासून घेतली होती. इंजिन उत्तम होतं, बॉडीत खोट नव्हती. पायरीची उंची मात्र मी मोजली नव्हती, कंपनीच्या आराखड्यात होती तेवढी धरून चाललो होतो. त्या दिवसापासून तपासणीला जाताना माझ्या खिशात मोजपट्टी असते.

म्हणून तुम्हीही मोजा. संयुक्त राष्ट्रांच्या 107 क्रमांकाच्या बस नियमाप्रमाणे शहरी वापराच्या गाडीची पहिली पायरी जमिनीपासून 340 मिलिमीटरपेक्षा उंच असू नये. पण डेपोच्या सपाट फरशीवर मोजून काय उपयोग? थांब्यावर जा. तिथे रस्ता कडेला उतरता असेल आणि गाडी कडेपासून दूर उभी राहत असेल, तर माणसाला कितीतरी जास्त उंच चढावं लागतं.

व्हीलचेअरच्या रॅम्पचंही तसंच आहे. माहितीपत्रकात 'रॅम्पची सोय' एवढंच लिहिलेलं असतं, उतार किती ते कुणी लिहीत नाही. याच नियमात 150 मिलिमीटर उंचीच्या फूटपाथवर टेकवलेल्या रॅम्पचा उतार 12 टक्क्यांच्या आत हवा असं म्हटलं आहे. आता हिशेब करा. गाडीचा तळ, म्हणजे आतली फरशी, जमिनीपासून 650 मिलिमीटर असेल, तर फूटपाथ वजा जाता 500 उरतात आणि त्यासाठी 4 मीटरहून लांब रॅम्प लागतो. एवढा रॅम्प मावणार कुठे, आणि फूटपाथवर तरी त्याला जागा कुठे? मग आखूड रॅम्प लावतात, तो घसरगुंडीसारखा उभा राहतो आणि व्हीलचेअर ढकलणारा माणूस परत फिरतो. तळ 340 मिलिमीटर असेल आणि थांब्यावर गाडी दाराच्या बाजूला 70 मिलिमीटर झुकत असेल, तर 1 मीटरचा रॅम्प पुरतो. रुग्णालयाच्या फेरीला लो फ्लोअर, म्हणजे खालच्या तळाची गाडीच घ्या, या एका बाबतीत माझं मत बदलणार नाही. मार्गावर उंच गतिरोधक असतील आणि गाडीचं पोट घासेल अशी भीती असेल, तर गतिरोधकांची उंची मोजून ती दुरुस्त करून घ्या. त्यासाठी लोकांना आयुष्यभर पायऱ्या चढायला लावू नका.

प्रश्न : व्हॅनच्या चॅसीवर (खालच्या सांगाड्यावर) बॉडी बांधलेल्या 20 सीटच्या गाड्या निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. त्या घेतल्या तर काय बिघडलं?

आयुष्य बिघडतं. अमेरिकेत सरकारी अनुदानातून घ्यायच्या बसच्या नव्या मॉडेलची आधी पेन स्टेट विद्यापीठाच्या केंद्रात चाचणी होते. अल्टूना या गावाच्या नावावरून तिला अल्टूना चाचणी म्हणतात. त्या व्यवस्थेत गाड्यांचे आयुष्याप्रमाणे वर्ग पाडले आहेत. सगळ्यात हलका वर्ग 4 वर्षं किंवा 1 लाख मैलांचा, म्हणजे सुमारे 1 लाख 60 हजार किलोमीटरचा. सगळ्यात भारी वर्ग 12 वर्षं किंवा 5 लाख मैलांचा, म्हणजे सुमारे 8 लाख किलोमीटरचा. व्हॅनच्या चॅसीवरच्या गाड्या सहसा खालच्या वर्गांत येतात. किमतीला आयुष्याच्या किलोमीटरने भागून बघा, निम्म्या किमतीची गाडी बहुतेक वेळा महाग निघते. त्या चाचणीचे अहवाल कुणालाही वाचायला मिळतात. कुठल्या गाडीचा कुठला भाग किती मैलांवर तुटला, याची यादी त्यात असते. तुमच्या यादीतली गाडी किंवा तिची बहीण त्यात सापडली, तर ती पानं समितीपुढे ठेवा.

दुसरं म्हणजे ब्रेक. शटल दिवसभर सारखी थांबत आणि सुटत असते. ब्रेक लायनर किंवा पॅड किती किलोमीटर टिकतात हे विचारू नका, किती थांब्यांना टिकतात ते विचारा. विक्रेत्याला उत्तर देता आलं नाही, तर तशीच फेरी चालवणाऱ्या दुसऱ्या डेपोचा फोन नंबर त्याच्याकडून घ्या आणि तिथल्या मेकॅनिकशी बोला. मेकॅनिकशीच, साहेबांशी नाही.

लहान गाडीची बाजूही सांगायला हवी. मोठ्या बसच्या नियमात वळणासाठी बाहेरची त्रिज्या 12.5 मीटर आणि आतली 5.3 मीटर धरतात. या दोन वर्तुळांमधल्या पट्ट्यात गाडी वळली पाहिजे. वसाहतीतल्या तुमच्या वळणांवर एवढी जागा नसेल, तर मोठ्या गाडीला रोज मागे-पुढे करावं लागेल. तिथे आखूड गाडीच हवी. मात्र ती बस म्हणूनच घडवलेली 7 ते 9 मीटरची गाडी असावी. वळणावर रविवारी सकाळी खडूने रेघा मारून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे.

प्रश्न : आम्हाला इलेक्ट्रिक शटल घ्यायच्या आहेत. रोजची धाव 180 किलोमीटर आहे. विक्रेता 250 युनिटच्या बॅटरीची गाडी देतो आहे आणि 'एका चार्जिंगमध्ये 250 किलोमीटर सहज' म्हणतो. मग काळजी कशाला?

काळजी करा. इलेक्ट्रिक गाडी शटलला फार चांगली, हे आधीच सांगतो. थांबताना ती थोडी वीज परत मिळवते, ब्रेक कमी झिजतात आणि थांब्यावर उभी असताना धूर सोडत नाही. पण विक्रेत्याचं गणित नव्या बॅटरीचं आणि मोकळ्या रस्त्याचं आहे.

तुमच्या फेरीचं गणित असं. गाडी ओढायला किलोमीटरला 0.8 युनिट धरू. वातानुकूलन सरासरी 6 किलोवॉट घेतं असं धरू. गाडी ताशी 40 किलोमीटरने जात असेल, तर वातानुकूलनाचे किलोमीटरमागे 0.15 युनिट होतात. शटल थांबत थांबत ताशी 15 किलोमीटरने जाते, तेव्हा तेच वातानुकूलन किलोमीटरमागे 0.4 युनिट खातं. हवा घड्याळाप्रमाणे थंड करावी लागते, किलोमीटरप्रमाणे नाही. शिवाय दार दर दोन मिनिटांनी उघडतं. एकूण 1.2 युनिट झाले. 180 किलोमीटरला 216.

आता 250 युनिटांतले वापरायचे किती? बॅटरी पूर्ण रिकामी करत नाहीत आणि अडीअडचणीला थोडा साठा राखतात, म्हणून 80 टक्के धरू. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांवर येते आणि बऱ्याच कंपन्यांची हमी तिथपर्यंतच असते. 250 चे 80 टक्के 200, आणि 200 चे 80 टक्के 160 युनिट. त्यावर 133 किलोमीटर होतील. पहिल्या वर्षीच 200 युनिटांत 216 चं काम बसवताना ओढाताण होईल, पुढे दुपारी चारनंतर गाड्या परत येऊ लागतील.

मोठी बॅटरी घेऊन हे सुटेल असं वाटतं. त्यासाठी साधारण 340 युनिटांची बॅटरी लागेल, म्हणजे 90 युनिट जास्त. एका किलोला 150 वॉट-तास (1 युनिट म्हणजे 1000 वॉट-तास) या हिशेबाने 600 किलो वाढले. नियमात शहरी बसचा प्रवासी 68 किलोचा धरतात. तुम्ही जवळजवळ 9 माणसं खाली उतरवून त्यांच्या जागी बॅटरी बसवलीत. त्यापेक्षा दुपारी गर्दी कमी असते तेव्हा स्टेशनजवळच्या थांब्यावर 60 किलोवॉटच्या चार्जरला गाडी तासभर लावा. कमी पडणारे 56 युनिट तिथे भरून निघतात. वेळापत्रक तसं बांधावं लागेल, चालकाच्या जेवणाची सुट्टी त्यात बसवता येईल.

एक गोष्ट बहुतेक जण शेवटी बघतात, ती आधी बघा: डेपोची वीज. 14 गाड्यांना रात्री प्रत्येकी 160 युनिट, 7 तासांत. सरासरी भार 320 किलोवॉट येतो. पण रात्री 10 वाजता सगळ्या गाड्या 60 किलोवॉटच्या चार्जरवर एकदम लागल्या तर 840. चार्जिंग आळीपाळीने सोडणारी यंत्रणा निविदेत लिहा, नाहीतर दुप्पट-अडीचपट ट्रान्सफॉर्मरचे पैसे भराल. आणि वीजजोडणीचा अर्ज गाड्यांच्या ऑर्डरआधी करा. गाड्या येऊन डेपोत उभ्या आहेत आणि खांबावर तार नाही, असं मी पाहिलं आहे. नव्या गाडीवर धूळ साचलेली बघताना फार वाईट वाटतं.

प्रश्न : आमच्याकडे तूर्तास डिझेलशिवाय पर्याय नाही. आखूड फेरीसाठी काही खास सूचना?

एकच, पण महत्त्वाची. नव्या डिझेल गाड्यांच्या धुरांड्यात काजळी अडवणारा फिल्टर असतो. साठलेली काजळी जाळून तो स्वच्छ व्हायला 550 ते 600 अंश सेल्सिअस तापमान लागतं. 3 किलोमीटरच्या फेरीत धूर तेवढा तापतच नाही, गाडी मध्येच सफाई सुरू करते आणि चालक शेवटच्या थांब्यावर इंजिन बंद करतो. असं दहा वेळा झालं की पॅनलवर दिवा, ताकद कमी, गाडी ऑफ रोड, म्हणजे दुरुस्तीसाठी डेपोत उभी. तेव्हा गाड्या फिरत्या ठेवा: जी गाडी चार दिवस आखूड फेरीवर असेल, तिला पाचव्या दिवशी लांब मार्गावर पाठवा. सफाईचा दिवा लागला की इंजिन बंद करायचं नाही, हे चालकांना समजावून सांगा. नुसतं पत्रक चिकटवू नका.

प्रश्न : मी चालक आहे. नव्या गाड्या येतात, पण आम्हाला कधीच कुणी विचारत नाही. समितीला काय सांगावं?

तुमचा प्रश्न मी शेवटी ठेवला, कारण समितीतल्या सगळ्यांनी उत्तर इथपर्यंत वाचत यावं.

प्रत्येक कंपनीकडून नमुना गाडी 15 दिवसांसाठी मागा, तुमच्याच फेरीवर. पहिले काही दिवस सीटवर आणि उभ्या जागेत 68 किलोच्या वाळूच्या पोत्यांनी माणसांची संख्या पूर्ण करा आणि चढावरच्या थांब्यावरून गाडी पुढे काढून बघा. तीन वेगवेगळ्या उंचीच्या चालकांना बसवा. आरशाच्या मागे आणि पुढच्या खांबाआड रस्त्यावरचा माणूस किती लपतो ते बघायला एकाला गाडीभोवती चालायला लावा आणि तो जिथे दिसेनासा होईल तिथे खडूची खूण करा. अशा खुणांची तीन गाड्यांची तीन चित्रं माहितीपत्रकाशेजारी लावली की समितीला जास्त समजावावं लागत नाही.

मग गाडी पिटवर (खालून काम करायच्या खड्ड्यावर) घ्या आणि मेकॅनिकला पाच कामं द्या: चाक बदल, बेल्ट बदल, दाराची मोटर काढून परत बसव, एअर फिल्टर काढ, पुढची काच उतरव. प्रत्येकाची वेळ लिहा. मी पाहिलेल्या एका गाडीत शीतकाचा साधा पाइप बदलायला मागची चार सीट आणि त्यांच्याखालचा पत्रा काढावा लागायचा. 20 मिनिटांच्या कामाला दिवस जायचा आणि तेवढा दिवस ती फेरी रद्द व्हायची. दारही अगदी जवळून बघा. शटलचं दार दिवसात शेकडो वेळा उघडतं. बिजागरीला ग्रीसिंगची जागा आहे का, मध्ये हात आला तर ते मागे फिरतं का, वीज गेली तर आतून हाताने उघडतं का. हे शेवटचं दिवे बंद करून, अंधारात, ती गाडी कधी न पाहिलेल्या माणसाकडून करून घ्या.

15 दिवसांची वही तुमच्या नावाने आणि सहीने समितीकडे द्या आणि ती निविदेच्या फाइलला जोडली का, ते विचारत राहा.