व्यायाम करताना मन सतत भटकतं. लक्ष व्यायामावर कसं ठेवावं?

मन भटकणारच, चिडू नका. लक्षात आलं की परत आणायचं. पळताना किंवा चालताना लक्ष टेकवायला सगळ्यात सोपी जागा म्हणजे तळपाय: आधी काय टेकतं, भार पुढे कसा सरकतो. श्वासाकडेही बघा, पण त्याला मुद्दाम लय लावू नका.

वजनं उचलताना गंमत वेगळी. वजन हलकं किंवा मध्यम असेल तर काम करणाऱ्या स्नायूवर लक्ष दिल्याने तो खरोखर जास्त आवळला जातो. कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास हा फायदा जवळपास संपतो. तिथे फक्त बार वर ढकलण्याचा विचार करा. इअरफोन शक्यतो नकोच. आणि सांध्यात टोचलं, तर त्याचं शांतपणे निरीक्षण वगैरे करत बसू नका, थांबा.