बारा आणे म्हणजे कुठलं नाणं?

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी आजी फोनवर म्हणाली, "रंगाचं काम बारा आणे झालंय, दिवाळीच्या आत उरकेल." फोन ठेवल्यावर तू विचारलंस, "आई, बारा आणे म्हणजे कुठलं नाणं? इंडियाच्या नाण्यांवर तर रुपये आणि पैसे लिहिलेलं असतं. मग आजी चुकीचं नाव का घेते?" तुझा प्रश्न चांगला आहे आणि त्याचं उत्तर लांब आहे, म्हणून निवांत लिहून काढते.

आजी चुकत नाही गं. तूही रोज तेच करतेस. खिशातलं सोनेरी नाणं काढ आणि नीट वाच. एका बाजूला राणी किंवा राजा, दुसऱ्या बाजूला पाण्यातला लून पक्षी, 'कॅनडा' आणि 'डॉलर'. आपण कॅनडात सगळे त्याला 'लूनी' म्हणतो, पण 'लूनी' कुठे लिहिलंय? १९८७ साली हे नाणं निघालं तेव्हा पक्षी बघून लोकांनीच ते नाव ठेवलं. सरकारला खरं तर त्यावर होडी वल्हवणाऱ्या माणसांचं जुनंच चित्र हवं होतं, पण त्याचे ठसे विनिपेगच्या टांकसाळीकडे जाताना वाटेत गहाळ झाले, म्हणून पक्षी आला. १९९६ मध्ये दोन डॉलरचं नाणं निघालं तर त्यावर अस्वल असूनही लूनीच्या चालीवर ते 'टूनी' (टू म्हणजे दोन) झालं. पाच सेंटच्या नाण्यावर 'निकेल' लिहिलेलं नाही, पंचवीसच्या नाण्यावर 'क्वार्टर' नाही. टांकसाळ नाणं पाडते, नाव लोक पाडतात. सगळीकडे असंच आहे.

आणि आपलं सातारा तर याबाबतीत फार जुनं. राजधानीचं गाव ते. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी तांब्याची नाणी पाडली. त्यांच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' एवढंच असतं. किंमत नाही, नाव नाही. लोकांनी तिला शिवराई म्हटलं. पुढे साताऱ्याला छत्रपतींची गादी आली, पेशवाई आली आणि गेली, तरी शिवराई लोकांच्या हातात फिरतच राहिली. आपल्या भागात अजूनही जुना वाडा उतरवताना किंवा नांगरट करताना एखादी शिवराई सापडते आणि घरातलं लहान पोरसुद्धा तिला नावाने ओळखतं. नाण्यावर न लिहिलेलं नाव साडेतीनशे वर्षं टिकलंय.

आता आणे. ब्रिटिशांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं रुपयाचे शंभर पैसे नव्हते. सोळा आण्यांचा रुपया आणि चार पैशांचा आणा, म्हणजे रुपयात चौसष्ट पैसे. चौसष्ट कशाला, असं तू लगेच विचारशील. वही घे आणि माझ्याबरोबर अर्धं करत चल. रुपयाची अर्धी ती अधेली, आठ आणे. अधेलीची अर्धी पावली, चार आणे. पावलीची अर्धी चवली, दोन आणे. चवलीचा अर्धा आणा. आण्याचा अर्धा ढब्बू, म्हणजे दोन पैसे. ढब्बूचा अर्धा पैसा. सहा वेळा अर्धं केलंस आणि एकदाही अपूर्णांक आला नाही! शिवाय प्रत्येक पायरीला आपलं स्वतःचं नाव. बाजारात निम्मं, पाव, आतपाव असंच घ्यायची सवय असलेल्या माणसाला याहून सोयीचा हिशेब नव्हता. त्याच्याही खाली पै होती, एका पैशात तीन. पण ती हिशेबाच्या वहीत जास्त दिसायची. जुन्या खतावण्यांत रकमा रुपये-आणे-पै अशाच लिहिलेल्या असतात.

माझ्या आजीकडे, म्हणजे तुझ्या पणजीकडे, ही नाणी एका पितळी डब्यात होती. मी सुट्टीत कंटाळले की ती डबा माझ्या मांडीवर ठेवायची आणि म्हणायची, "डोळे मिट आणि चवली काढ." आणि ती सापडायची! कारण दोन आण्याचं नाणं चौकोनी होतं, कोपरे गोल केलेलं. एक आण्याची कड फुलाच्या पाकळ्यांसारखी वरखाली. पावली गोल आणि लहान, अधेली गोल पण मोठी. भोकाचा पैसा तर विचारायलाच नको, बोटाच्या टोकाला मधलं भोकच लागायचं. दुसऱ्या महायुद्धात तांबं वाचवायला १९४३ पासून काही वर्षं तसे पैसे काढले होते. ढब्बू मात्र तांब्याचा, जाड आणि जड, डब्यातला सगळ्यात जुना. (आपण ढब्बू मिरची म्हणतो ना, त्यातला ढब्बू हाच.) पणजी तरुण असताना पैसे कनवटीला चंचीत असायचे. मंडईच्या गर्दीत, दिवे लागल्यावर, चंचीतून नाणं न बघता काढायचं म्हणजे बोटांना ओळख हवीच. पणजीला नाण्यावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती आयुष्यात एका पैशाला फसली नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्यांना अक्षरं वाचता येत नव्हती त्यांनी बोटांनी आणि नावांनी सगळा व्यवहार सांभाळला.

मग १ एप्रिल १९५७ आला. सरकारने रुपयाचे शंभर भाग केले. जुना पैसा आणि हा पैसा यांत गोंधळ नको म्हणून याचं नाव 'नया पैसा'. आपल्याकडे लोक नवा पैसा म्हणायचे. १९६४ मध्ये ते 'नया' गळून पडलं आणि नुसता पैसा राहिला. तू हिशेबात हुशार आहेस, म्हणून तुला अडचण दाखवते. शंभरचं अर्धं पन्नास. त्याचं अर्धं पंचवीस. त्याचं अर्धं? साडेबारा! चवली इथे अडकली. साडेबारा पैशांचं नाणं कोण काढणार? आणि आणा तर सव्वासहा पैशांचा झाला. जुनी आणि नवी नाणी काही वर्षं एकत्र चालत होती, म्हणून सरकारने कोष्टक दिलं: एका आण्याचे ६ नये पैसे, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५. आता बघ, एकेक आणा सुटा सुटा चार वेळा मोडला तर चोवीस पैसे हातात येतात आणि चार आणे एकदम मोडले तर पंचवीस. एक पैसा कुठे गेला? बाजारात त्या एका पैशावरून वादावादी होणारच. आजी तेव्हा शाळेत जाणारी मुलगी होती. दुकानात पाठवलं की घरचे बजावायचे, "चार आणे एकदम दे, मोड करू नकोस."

म्हणूनच कुठली नावं टिकली ते बघ. चवली गेली, कारण तिच्या मापाचं नाणंच राहिलं नाही. चार आणे आणि आठ आणे राहिले, कारण पंचवीस आणि पन्नास पैसे नेमके त्यांच्या जागी येऊन बसले. नव्या पंचवीस पैशांवर सरकारनेच हिंदीत छापलं होतं, 'रुपये का चौथा भाग'. मग लोकांनी जुनं नाव का सोडावं? मी लहान असताना पणजीच्या डब्याबाहेर, बाजारात आणा कुठे दिसत नव्हता, पण आम्ही सगळी पोरं चाराणे, आठाणे, बाराणे असंच बोलायचो. शाळेच्या दारात आजीबाई टोपलीत बोरं, आवळे, चिंचेचे गोळे घेऊन बसायच्या. "चाराण्याची बोरं द्या" म्हटलं की त्या पंचवीस पैसेच घ्यायच्या, गेंड्याचं चित्र असलेलं चकचकीत स्टीलचं नाणं. 'पंचवीस पैसे' हा शब्द आम्ही गणिताच्या पुस्तकात वाचायचो, तोंडाने कधी म्हटला नाही. पाच पैसे आणि दहा पैसे मात्र पाच पैसे आणि दहा पैसेच राहिले. त्यांना आण्यांतलं जुनं घर नव्हतं ना.

आता तुझे बारा आणे. बारा आण्याचं नाणं कधीच नव्हतं, चिऊ. सोळातले बारा, म्हणजे पाऊण. रंगाचं काम पाऊण झालंय, एवढंच आजीला सांगायचं होतं. एखादी गोष्ट पूर्ण खरी असली की आपण 'सोळा आणे खरं' म्हणतो. वस्तूपेक्षा तिच्यावरचा खर्चच जास्त झाला की 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला'. वीस डॉलरच्या बाहुलीसाठी तू साठ डॉलरचं घर मागितलंस तेव्हा बाबा तेच पुटपुटत होता.

आण्यांचं सगळ्यात गंभीर काम मात्र शेतात चालतं. वडूजच्या मामाआजोबांना तू फोनवर ऐकलं असशील, "यंदा आणेवारी किती लागली?" आणेवारी म्हणजे गावात पीक किती आलं त्याचा अंदाज. पूर्वी भरघोस पीक ते सोळा आणे आणि अर्धं ते आठ आणे. सरकारी कागदावर आता त्याला पैसेवारी म्हणतात आणि ती शंभरात मोजतात. एखाद्या गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली आली की तिथे टंचाई मानतात. मग जमीन महसुलात सूट, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांच्या परीक्षेची फी माफ, असं काही पदरात पडू शकतं. माण आणि खटाव हे आपल्या जिल्ह्यातले कमी पावसाचे तालुके. तिथे या आकड्यावर घराचं वर्ष ठरतं. कागद पैसेवारी म्हणतो, पारावर बसलेली माणसं आणेवारीच म्हणतात आणि तहसील कचेरीतल्या कारकुनालाही दोन्ही समजतं. विहिरीचंही तसंच. "आमचा विहिरीत चार आणे हिस्सा" असं कुणी म्हणालं तर आठ दिवसांच्या पाळीत दोन दिवस पाणी त्याचं. त्या चार आण्यांची किंमत त्याला विचारावी.

एक गोष्ट मला मनापासून सांगायची आहे, ती सव्वा रुपयाची. पूजेला, नारळ वाढवताना, नवस बोलताना आपल्याकडे सव्वा रुपया ठेवायची रीत. एक रुपया आणि वर चार आणे. पूर्ण रकमेवर थोडं अधिक ठेवायचं, म्हणजे देणं तिथेच संपत नाही, पुढे चालू राहतं, अशी भावना. पण ३० जून २०११ पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सगळी नाणी सरकारने बंद केली. मग सव्वा रुपया ठेवायचा कसा? बहुतेक घरांनी अकरा किंवा एकवीस रुपये ठेवायला सुरुवात केली, तिथेही वरचा एक सुटला नाही. आजीने मात्र पंचवीस पैशांची मूठभर नाणी देवघरातल्या डबीत जपून ठेवली आहेत. पूजा झाली की बाकीची दक्षिणा गुरुजींना देते आणि ते चार आणे धुऊन, पुसून परत डबीत. दुकानात त्याला कुणी विचारणार नाही. देवापुढे ते अजून चालतं आणि चालावं असं मलाही वाटतं.

आठाणे मात्र कायद्याने अजून जिवंत आहेत, हे लक्षात ठेव. पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंतच्या देण्याला चालतात असं २०११ च्या नाणे कायद्यातच आहे. तरी साताऱ्याच्या मोती चौकात जाऊन आठाणे दिलेस तर दुकानदार ते परत तुझ्या हातावर ठेवेल. सरकारने बंद केलेलं नाणं आपण जपतो आणि चालू असलेलं घेत नाही. दहा रुपयांच्या नाण्याचंही मध्यंतरी असंच झालं होतं. हे खोटं, ते खोटं अशा अफवा उठल्या, शेवटी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने खरे आहेत. नाव असो की नाणं, लोकांचा विश्वास बसला तरच ते चालतं.

पुढच्या रविवारी आजीला पावकी म्हणायला सांग. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे होते, अपूर्णांकांचे. आण्यांच्या बाजारात त्यांच्यावाचून पान हलायचं नाही. तिला ते अजून घडाघडा येतात आणि तिला ते कुणी विचारलं की फार आनंद होतो. मग ती तुला गणित घालेल, त्याची तयारी करून जा. तिचं ठरलेलं गणित मला माहीत आहे: रुपयाला चोवीस पेरू, तर पावली आणि चवली मिळून किती पेरू येतील? उत्तर मला सांगू नकोस, तिलाच सांग. आणि कॅल्क्युलेटर नको, नुसतं अर्धं करत जा.

तुझी,
आई