न्यूयॉर्कमध्ये पिझ्झा टूर घ्यावी का? घ्या, पण पहिल्याच दिवशी

तुमचा प्रश्न असा आहे : ऑक्टोबरमध्ये पाच दिवस न्यूयॉर्कला येताय, सोबत शाकाहारी आई-बाबा आहेत, पिझ्झाची गाइडेड टूर घेतली तर पैसे वाया जातील का, की आपली आपण यादी काढून फिरावं?

मी अकरा वर्षं नदीच्या अलीकडे, जर्सी सिटीत राहते. भारतातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला पिझ्झा खायला पलीकडे नेणं हे आमच्या घरात माझंच काम. त्या अनुभवावरून सांगते : टूर घ्या, पण एकच घ्या, आणि ती शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवू नका. पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी घ्या. चांगल्या टूरमध्ये पोट भरतं ते आहेच, पण खरी कमाई ही की पिझ्झा बघायचा कसा हे कळतं. पुढचे चार दिवस मग तुम्ही कुठल्याही गल्लीतल्या दुकानात शिरलात तरी समोर काय आलंय ते तुम्हाला ओळखता येतं. यादी इंटरनेटवर कुणालाही मिळते, ही नजर मिळत नाही.

माझी आई साताऱ्याहून पहिल्यांदा आली तेव्हाची गोष्ट. आम्ही सात-आठ जण टूरवर होतो. पहिल्या थांब्यावर कोळशाच्या भट्टीतून पिझ्झा आला, आणि गाइडनं सगळ्यांना थांबवलं. खायच्या आधी एक तुकडा उचलून त्यानं उलटा धरला. खालची बाजू तांबूस, मध्येमध्ये काळे ठिपके, काठाकडे थोडी जास्त करपलेली, आणि पिठाची बारीक भुकटी चिकटलेली. तो म्हणाला, वरचं चीज नंतर बघा, आधी हे बघा. मी आईला मराठीत सांगायला तोंड उघडलं तर ती आधीच वाकून बघत होती. "अगं, तवा चांगला तापलेला होता," ती म्हणाली, "भाकरीला असेच डाग पडतात. पांढरी राहिली तर समजायचं तवा गार." मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं. तो इतका खूश झाला की पुढच्या दोन्ही थांब्यांवर तुकडा उलटून आधी आईसमोर धरायचा. तिला इंग्रजी येत नाही, पण त्या तीन तासांत तिला माझ्या मदतीची फार गरज पडली नाही.

आता त्या नजरेनं काय दिसतं ते थोडं सांगते, म्हणजे टूर निवडताना उपयोग होईल.

न्यूयॉर्कमध्ये ढोबळमानानं दोन घराणी आहेत. जुनं घराणं कोळशाच्या भट्टीचं. दक्षिण इटलीतून माणसं आली तेव्हा इथल्या बेकऱ्यांत कोळशाच्या भट्ट्या होत्याच, त्यातच पिझ्झा भाजला जाऊ लागला. स्प्रिंग स्ट्रीटवरचं लोम्बार्डीज 1905 पासूनचं म्हणून ओळखलं जातं आणि अमेरिकेतला पहिला पिझ्झेरिया म्हणून त्याचंच नाव घेतात. पण हल्ली चांगला गाइड इथे थांबून एक पुस्ती जोडतो. शिकागोच्या पीटर रेगस यांनी जुने कागद आणि वर्तमानपत्रं चाळून 2019 मध्ये मांडलं, की त्याच जागी लोम्बार्डींच्या आधी, 1898 च्या सुमारास, फिलिपो मिलोने नावाच्या माणसानं पिझ्झेरिया काढला होता. शिवाय आजचं लोम्बार्डीज मूळ इमारतीत नाही. मूळ दुकान 1984 मध्ये बंद पडलं आणि 1994 मध्ये त्याच रस्त्यावर दुसऱ्या इमारतीत पुन्हा उघडलं. हे सगळं गाइड सांगतो की नुसतं "हे सगळ्यात जुनं" म्हणून पुढे चालू लागतो, त्यावरून त्याची तयारी कळते.

कोळशाची भट्टी 430-480 अंश सेल्सियसपर्यंत तापते. पिझ्झा काही मिनिटांत बाहेर. इतक्या कमी वेळात ओलं, ताजं मोझरेला वितळतं पण त्याला फार पाणी सुटत नाही, म्हणून अशा पिझ्झ्यावर चीजचे पांढरे ठिपके वेगवेगळे दिसतात.

दुसरं घराणं स्लाइसचं, म्हणजे तुम्ही सिनेमात बघता तो हातात दुमडून रस्त्यात खायचा तुकडा. तो आला गॅसच्या भट्टीमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर आयरा नेविन यांनी पिझ्झ्यासाठी गॅसची भट्टी तयार केली. ती स्वस्त पडायची, कुठल्याही लहान गाळ्यात बसायची, आणि चालवायला कोळसा ओढणारा कसबी माणूस लागत नव्हता. ही साधारण 260-290 अंशांवर चालते. पिझ्झ्याला वेळ जास्त लागतो, मग ताजं चीज घातलं तर सगळं पाणी पाणी होईल. म्हणून तिथे कमी ओलाव्याचं मोझरेला किसून घालतात, आणि ते अख्ख्या पिझ्झ्यावर एकसारखं पसरतं. तुकडा गार झाला तरी परत भट्टीत सरकवून दोन मिनिटांत गरम करता येतो. अख्ख्या शहराची तुकड्यावर खायची सवय या एका भट्टीतून निघाली आहे. हे मला कळलं तेव्हा मी कितीतरी दिवस प्रत्येक दुकानात काउंटरच्या मागे आधी भट्टी शोधायचे, अजूनही शोधते.

ब्लीकर स्ट्रीटवरच्या जॉन्समध्ये, 1929 पासूनचं दुकान, 'स्लाइस मिळणार नाही' असं बाहेरच लिहिलेलं असतं. लोकांना तो आढ्यतेखोरपणा वाटतो. तसं नाही. कोळशाच्या धगीत तुकडा परत गरम करायला ठेवला तर तो करपेल. तिथे अख्खी पाई घ्यायची, चौघांत वाटून खायची. (इथे अख्ख्या पिझ्झ्याला पाई म्हणतात, आई-बाबांना सांगून ठेवा.) याला अपवाद ईस्ट हार्लेममधलं 1933 चं पॅट्सीज. तिथे कोळशाच्या भट्टीतला तुकडासुद्धा मिळतो. तुमच्याकडे एकच दुपार मोकळी असेल तर मी तिथेच पाठवेन.

या भट्ट्या बघायच्या असतील तर आताच बघा. शहराच्या नव्या नियमानुसार मे 2016 च्या आधी बसवलेल्या कोळशाच्या आणि लाकडाच्या भट्ट्यांना धुरातले कण 75 टक्क्यांनी कमी करणारी यंत्रणा लावावी लागते. नियम योग्य आहे, वर राहणाऱ्या लोकांच्या खिडक्यांत धूर जातो. पण लहान दुकानाला तो खर्च जड जातो, आणि कोळशाची नवी भट्टी बसवणं आता जवळपास अशक्यच आहे.

टूरबद्दल. पिझ्झ्याच्या टूरमध्ये सगळ्यात नावाजलेली स्कॉट्स पिझ्झा टूर्स. स्कॉट वीनर यांनी 2008 मध्ये सुरू केली. याच माणसाकडे पिझ्झ्याच्या खोक्यांचा गिनीज विक्रमी संग्रह आहे, यावरून वेडाची कल्पना येईल. चालत जायच्या टूर आहेत, बसनं जायचीही आहे. ब्रुकलिन बघायचं असेल तर अ स्लाइस ऑफ ब्रुकलिन ही बसची टूर पिझ्झ्यासोबत पूल, वस्त्या, कोनी आयलंड सगळं दाखवते. आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर बसच बरी. चालत जायच्या टूरमध्ये अंतर फार नसतं, पण उभं राहणं खूप होतं. आईला तिसऱ्या थांब्यावर मी दुकानातून स्टूल मागून दिलं होतं.

सगळ्याच टूर अशा नसतात. एकदा नवऱ्याच्या मित्रांना घेऊन मी स्वस्त म्हणून दुसरी एक टूर घेतली होती. पंचवीस माणसं, गाइड सतत पुढे पळतोय, चार ठिकाणी कागदी ताटलीत तेलानं पारदर्शक झालेला एकेक तुकडा, आणि भट्टी एकदाही दिसली नाही. म्हणून बुकिंगच्या आधी लिहून विचारा : किती माणसं असतील, भट्टीजवळ नेणार का, शाकाहारी तुकडा प्रत्येक थांब्यावर नक्की मिळेल का, आणि पिझ्झ्याचे पैसे तिकिटात धरलेत का. उत्तर गुळमुळीत आलं तर सोडून द्या. शेवटी गाइडला टिप द्यायची असते, ते पैसे वेगळे धरा.

शाकाहाराचं नीट सांगते, कारण इथे बरेच जण फसतात. साधा चीज पिझ्झा, ज्याला इथे प्लेन म्हणतात, त्यात मांस नसतं. पण भट्टीतून काढल्यावर वर जे किसलेलं पेकोरिनो किंवा पार्मेजान चीज भुरभुरवतात, ते पारंपरिक पद्धतीनं कोकराच्या किंवा वासराच्या जठरातल्या रेनेटनं (दूध घट्ट करणाऱ्या पाचकानं) विरजलेलं असतं. मोझरेलाला आता बऱ्याचदा सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट वापरतात, तरी विचारलेलं बरं. बाबा यात काटेकोर असतील तर "वरचं किसलेलं चीज नको" एवढं ऑर्डर देतानाच सांगा, नंतर सांगून उपयोग नाही. मरिनारा मागितलात तर त्यावर चीजच नसतं, टोमॅटो, लसूण आणि तेल. आणि कापायचं चाक सगळ्या पिझ्झ्यांना एकच असतं. ते चालणार नसेल तर वेगळ्या चाकानं कापायला सांगा. मी दरवेळी सांगते, आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

टूर झाल्यावरचे दिवस असे घालवा. एका संध्याकाळी ग्रीनविच व्हिलेजमध्ये जॉन्समध्ये कोळशाची पाई, मग दोन मिनिटांवर कार्माइन स्ट्रीटवर जोज, 1975 पासूनचं, तिथला साधा तुकडा. दोन्ही घराणी एका फेरीत जिभेवर येतात. एक अख्खा दिवस ब्रुकलिनला द्या. मिडवूडमधलं डी फारा 1965 मध्ये डॉम डीमार्को यांनी सुरू केलं. 2022 मध्ये ते गेले. म्हातारपणीसुद्धा गरम पिझ्झ्यावर कात्रीनं तुळशीसारखी बेसिलची पानं कापून टाकायचे. तिथून ग्रेव्हसेंडला एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स, 1939 चं. त्यांचा चौकोनी तुकडा उलटा रचलेला असतो, खाली चीज आणि वर टोमॅटोचा रस्सा. रस्सा खालच्या पोळीत मुरून ती भिजट होत नाही. आईला सगळ्यात जास्त हाच आवडला, कारण जाड, मऊ आणि चावायला सोपा. बाहेर बाकावर बसून खायचा, नंतर स्पुमोनी आइस्क्रीम.

तुम्ही ऑक्टोबरमध्ये येताय म्हणून कार्यक्रमांचंही बघा. स्लाइस आउट हंगर ही वीनर यांनीच उभी केलेली संस्था. शहरातल्या अनेक नामांकित दुकानांचे पिझ्झे एका छताखाली आणून तुकड्यावर विकायचे आणि पैसे भुकेविरुद्धच्या कामाला द्यायचे, असा त्यांचा कार्यक्रम 2009 पासून होत आला आहे. तुमच्या तारखांत बसला तर बाकी सगळं बाजूला ठेवून जा, एका संध्याकाळी इतकी दुकानं दुसरीकडे कुठेच चाखता येत नाहीत. रांग मोठी असते, आई-बाबांना आधी कुठेतरी बसवून तुम्ही उभे राहा. सप्टेंबरमधली लिटल इटलीची सान जेनारोची जत्रा 1926 पासूनची आहे, पण तुम्ही येईपर्यंत ती संपलेली असेल, आणि पिझ्झ्यासाठी म्हणून मी कुणाला तिथे पाठवतही नाही.

खिशात थोडी रोकड ठेवा, काही जुनी दुकानं कार्ड घेत नाहीत. जेवणाच्या वेळा टाळून दुपारी तीनला जा, भट्टीसमोरचा माणूस तेव्हा मोकळा असतो आणि विचारलं की बोलतो. तुमच्या आईला तुकडा उलटून बघायला सांगा आणि त्यांना काय वाटलं ते मला इथे खाली नक्की लिहा.